रेडियमच्या दुकानात बनू शकणारी प्रयोगशाळा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस ओढले की हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल पडायचे. बाया, पोरं, म्हातारे कोणीच सुटले नाही. जानेवारीत या गावांची नावे देशभरच्या वाहिन्यांवर झळकली. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी पाण्याला. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले, म्हणून संशय पाण्यावर पक्का होऊ लागला. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले आणि नमुने घेऊन गेले. फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः केलेल्या तपासणीच्या आधारे सांगितले की रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे आणि केस त्यानेच गळाले असावेत.

हे सगळे होईपर्यंत कित्येक आठवडे गेले. त्या काळात गावाच्या वाट्याला एकच काम होते, नमुने देणे आणि वाट पाहणे. आपल्या जिल्ह्याला याची सवयच आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही पाणी बाटल्यांत भरून पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि नागपूरच्या नीरीमध्ये गेले. क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला, हे उत्तर तिकडून आले. मोठ्या संस्थांनी मोठी कामे करावीत, यात वावगे काही नाही. पण आपल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तरही गावात मिळू नये, हे मात्र खटकणारे आहे.

मायक्रोफ्लुइडिक्स नावाचे एक तंत्र आहे. नाव बोजड आहे, कल्पना सोपी आहे. केसाइतक्या किंवा काडेपेटीच्या काडीइतक्या रुंदीच्या नळ्या एका छोट्या तुकड्यात कोरायच्या आणि त्यांतून रक्ताचा, लघवीचा किंवा पाण्याचा एखादा थेंब फिरवायचा. वाटेत ठेवलेल्या रसायनाशी तो थेंब भिडतो, रंग बदलतो, आपल्याला उत्तर मिळते. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, पिपेट आणि गाळण्या या सगळ्यांचे काम पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चिपवर होते. इतक्या बारीक नळीत पाणी खळाळत नाही. दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते एकमेकांत न मिसळता रेषेत चालतात, सीमेवर हळूहळू झिरपतात, एवढेच. शिवाय कागद किंवा सुताच्या नळीला पंपही लागत नाही. दिव्याची वात तेल वर ओढते, तेच केशाकर्षण थेंबाला पुढे नेते. गरोदरपणाच्या चाचणीची जी पट्टी आज औषधाच्या दुकानात मिळते, ती याच कुळातली.

मग हे तंत्र इतकी वर्षे आपल्यापर्यंत का आले नाही? त्याचे एक कारण क्लीनरूम. अशा चिप बनवण्याची पद्धत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून आली. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने घट्ट होणारे रसायन पसरायचे, वर नक्षीचा पडदा धरून अतिनील प्रकाश टाकायचा, नको तो भाग धुऊन काढायचा. उरलेल्या साच्यावर पारदर्शक रबर ओतून चिप काढायची. हे सारे अशा खोलीत, जिथे हवेतील धूळही मोजलेली असते. १०० श्रेणीच्या क्लीनरूममध्ये एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त १०० चालतात. आपल्या घरातल्या हवेत हीच संख्या लाखांत असते. अशी खोली उभारायला आणि चालवायला कोट्यवधी रुपये लागतात. देशात त्या आहेत, पण मोजक्या आयआयटींमध्ये आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी.

पण ही खोली कशासाठी लागते, हे विचारायला हवे. संगणकाच्या चिपमधली रेघ मायक्रॉनहून कितीतरी बारीक असते, तिच्यावर पाच मायक्रॉनचा कण पडला तर सगळे फुकट जाते. पाणी किंवा रक्त तपासायच्या चिपमधली नळी २०० मायक्रॉनची, कधी चांगली एक-दोन मिलिमीटरची असली तरी चालते. हायवेवर एक खडा पडला म्हणून एसटी थांबत नाही. तेव्हा अनेक कामांसाठी क्लीनरूम ही गरज नव्हतीच, ती सवय होती. जिथे ती परवडली नाही, तिथल्या लोकांनी सवय मोडली.

अमेरिकेतल्या मर्सेड येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाची शाखा नवीन होती, तिथे मिशेल खाइन या संशोधिकेकडे क्लीनरूम नव्हती. लहान मुले ज्यावर चित्र काढून भट्टीत आक्रसवतात, ते खेळण्यातले प्लास्टिक त्यांनी घेतले. त्यावर साध्या लेझर प्रिंटरने नळ्यांची नक्षी छापली आणि ओव्हनमध्ये तापवले. प्लास्टिक आकसले, शाईची रेघ अरुंद आणि उंच झाली, साचा तयार. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने गाळणकागदावरच नळ्या आखून लघवीतील साखर आणि प्रथिने तपासून दाखवली होती. पुढे २००९ मध्ये त्यांनी मेणाची शाई वापरणारा प्रिंटर घेतला. कागदावर मेणाची रेघ छापायची, कागद तापवायचा, मेण वितळून कागदाच्या आरपार उतरते आणि पाण्याला अडवणारी भिंत तयार होते. गंमत म्हणजे तसले प्रिंटर बनवणे कंपनीने पुढे बंद केले. आपण त्याचे दुःख करायचे कारण नाही, कारण मेणाचा खडू आणि इस्त्री आपल्याकडे आहे.

आपल्या राज्यातही काम झाले आहे. पवईला आयआयटी मुंबईतील प्रा. प्रसन्ना गांधी यांनी एक जुनीच गोष्ट नव्या नजरेने पाहिली. दोन काचांमध्ये टूथपेस्टसारखे घट्ट द्रव्य दाबून वरची काच उचलली, की कडेने हवा बोटांसारखी आत घुसते आणि झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उठते. आज रात्री घरी करून पाहा. अडचण अशी की ही नक्षी दर वेळी वेगळी येते. गांधी आणि त्यांचे सहकारी तन्वीर उल इस्लाम यांनी दाखवले की काचेला ठरावीक जागी छोटी छिद्रे ठेवली, की हवा तिथूनच शिरते आणि नक्षी हवी तशी वळवता येते. द्रव्य घट्ट होणारे असेल, तर त्या नक्षीचा साचा मिळतो, तोही प्रकाशाचे छापकाम न करता. हे निबंध २०१६ आणि २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आले. आपल्या शरीरातील रक्तवाहिन्याही अशाच फाटे फुटत बारीक होत जातात, म्हणून या पद्धतीला पुढे बरेच काम आहे.

शिरूर तालुक्यातले पाबळ तर आपल्याला आणखी जवळचे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेने आपली पहिली बाहेरची फॅब लॅब उभारली, ती या पाबळमध्ये. खेड्यातल्या, शाळा सुटलेल्या पोरांच्या हातात संगणकावर चालणारी कटाई यंत्रे दिली तर ते काय करतात, हे बघायचे होते. त्यांनी गावाला लागणारी उपकरणे बनवली. जागा आहे, यंत्र आहे आणि शिकवणारा आहे, एवढ्यावर काम होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठल्याही गावच्या बसस्थानकाबाहेर रेडियमचे दुकान असते. मोटारसायकलवरचे 'जय भीम', नंबर प्लेट, अशोकचक्र, सगळे तिथे कापून मिळते. त्या दुकानातले कटर यंत्र संगणकावरून चित्र घेते आणि चिकट पट्टी बारीक पात्याने कापते. अशाच यंत्राने चिप बनवण्याचे तंत्र अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडले. दुहेरी चिकटणाऱ्या पट्टीत नळीचा आकार कापायचा, खाली एक पारदर्शक शीट, वर एक, वरच्या शीटला आत-बाहेर जायची दोन भोके. झाली चिप. अर्धा मिलिमीटर रुंदीची नळी अशी आरामात निघते. पाते बोथट असेल तर कड फाटते, हे दुकानदार तुम्हाला माझ्याहून चांगले सांगेल. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे लेझर कटर असेल तर अॅक्रिलिकही कापता येते. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा आयटीआयतल्या पोरांना तर हे हातखंडा काम आहे.

हे केवळ हौसेचे का नाही, ते आता सांगतो.

सिकलसेल हा आपल्या घरातला आजार आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे की विदर्भात आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही हा दोष मोठ्या प्रमाणात आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढासा फरक. पण ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस वेदनेने तळमळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून त्याला कळतही नाही. पूर्व विदर्भात हे प्रमाण जास्त दिसते, पण आपल्या सोयरिकी जिल्ह्याची हद्द पाहून होत नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. शून्य ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. मुख्य भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत आपल्याकडेही आदिवासी गावे आहेत. पण बौद्ध वस्ती आदिवासी भागात मोडत नाही आणि जनुक भाग विचारून येत नाही. ही मागणी कार्यकर्त्यांनी आरोग्य खात्याकडे लावून धरण्यासारखी आहे.

तपासणीचा पहिला टप्पा सोपा आहे. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. गढूळ झाले तर दोष आहे. पण माणूस वाहक आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे जातो, तिथे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतात. इथेच माणसे गळतात. नमुना जातो, अहवाल यायला वेळ लागतो, मजूर कुटुंब तोवर ऊसतोडीला किंवा पुण्या-सुरतेला गेलेले असते.

स्वस्त चिपचे मोल इथे कळते. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न विद्यापीठात हीमचिप नावाचे उपकरण तयार झाले. त्याचे सुरुवातीचे नमुने लेझरने कापलेले अॅक्रिलिक आणि दुहेरी चिकटपट्टी यांचेच होते. आत सेल्युलोज अॅसिटेट कागदाची पट्टी, दोन टोकांना विजेचे अग्र. दोन प्रकारच्या हिमोग्लोबिनवर विद्युतभार वेगवेगळा, त्यामुळे सिकलचे हिमोग्लोबिन मागे रेंगाळते आणि नेहमीचे पुढे जाते. काही मिनिटांत दोन पट्टे दिसतात. दोन्ही असतील तर वाहक, फक्त मागचा असेल तर बहुधा आजार. यातूनच पुढे बॅटरीवर चालणारे 'गझेल' हे यंत्र बाजारात आले आणि आयसीएमआरच्या जबलपूर येथील संस्थेने त्याची भारतीय रुग्णांवर पडताळणी करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याहून साधी युक्ती ह्यूस्टनच्या सर्गेई शेव्हकोप्ल्यास यांच्या गटाची. रक्त आणि द्रावण मिसळून थेंब कागदावर टाकायचा. सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, ते मध्येच अडकून गडद डाग होतो. नेहमीचे हिमोग्लोबिन विरघळून गुलाबी कड्यासारखे बाहेर पसरते. डागाच्या आकृतीवरून वाहक आणि आजारी वेगळे ओळखण्याचा हा प्रयत्न त्यांनी अंगोलातील काबिंडा प्रांतात तपासून पाहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण घरी बनवलेल्या चिपवर माणसाचे रक्त तपासून कोणाला निकाल सांगायचा नाही. कायद्याने अशा साधनांना परवाना लागतो आणि ते योग्यच आहे. चुकीचा निकाल हा नुसता आकडा नसतो, एखाद्या मुलीचे लग्न त्यावर मोडते. वधू-वर परिचय मेळाव्यात सिकलसेलची तपासणी ठेवायला हरकत नाही, आरोग्य खात्याच्या मदतीने ठेवावीच; पण निकाल ज्याचा त्याला, बंद पाकिटात, समुपदेशकाच्या समोर. माइकवरून नाव पुकारणारे उत्साही लोक आपल्यात आहेत, त्यांना आधी समजावून ठेवा. रक्तावर संशोधन करायचे असेल तर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या नैतिक समितीची परवानगी हा रस्ता आहे. बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिथल्या प्राध्यापकांना जाऊन भेटले तर त्यांना नाही म्हणायला फारसे कारण नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी. पाण्याला परवाना लागत नाही आणि आपल्या जिल्ह्यात पाण्याचे दुखणे जुने आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, शेगाव-संग्रामपूर-जळगाव जामोदकडची खारी बोअर, तिथल्या मूत्रपिंडाच्या तक्रारी, हे नव्याने सांगायला नको. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे.

नायट्रेटची कागदी चिप कशी होते ते थोडक्यात देतो. प्रयोगशाळेतला एक नंबरचा गाळणकागद घ्यायचा. त्यावर मेणाच्या खडूने दोन्ही बाजूंनी डंबेलसारखी आकृती काढायची: दोन गोल आणि त्यांना जोडणारी चार मिलिमीटरची वाट. खाली-वर साधा कागद ठेवून गरम इस्त्री काही सेकंद फिरवली की मेण आरपार उतरते. ते बाजूलाही पसरते, म्हणून वाट आधी जरा रुंद काढावी. पहिल्या गोलात जस्ताची बारीक पूड. ती नायट्रेटचे नायट्राइट करते. दुसऱ्या गोलात ग्रीस अभिकर्मक, म्हणजे सल्फानिलामाइड आणि एनईडी ही दोन रसायने आम्लासोबत. पहिल्या गोलावर पाण्याचा थेंब टाकला की तो वाटेने पुढे सरकतो आणि दुसरा गोल गुलाबी होतो. गुलाबी जितका गडद, नायट्रेट तितके जास्त. रसायने महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालूनच हाताळायची.

नुसता रंग पाहून 'जास्त आहे' म्हणणे म्हणजे शेगावात झाले तसे अंदाज बांधणे. तुलनेला ठरावीक पाणी हवे. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवा आणि त्यातले १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करा. हे झाले जवळपास ४५ मिलिग्रॅमचे पाणी. त्याचे निम्मे, दुप्पट करून रंगांची ओळ बनवा, शेजारी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा एक कागद ठेवा. फोटो काढायचा तर सगळे कागद एकाच चौकटीत, एकाच उजेडात. मग गावातल्या दहा विहिरी-बोअर घ्या, प्रत्येकीचे तीन तीन कागद करा आणि त्याच पाण्याची एक एक बाटली जिल्हा प्रयोगशाळेत द्या. दोन्ही उत्तरे जुळली, तरच पुढच्या पन्नास बोअरकडे जा. न जुळलेली उत्तरेही वहीत राहू द्यावीत.

आणि या कागदाला सेलेनियम दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. शेगावात असे कागद असते तर नायट्रेट वाढल्याचे गावाला पहिल्याच दिवशी कळले असते, केस का गळतात हे कळले नसते. गव्हाकडे पाहायचे कोणाला सुचले नसते, कदाचित. स्वस्त चाचणी एका वेळी एकच प्रश्न विचारते. कोणता प्रश्न विचारायचा, हे चिपला ठरवता येत नाही.

शेवटचे, उन्हाळ्याबद्दल. ग्रीस अभिकर्मक लावलेले कागद उजेडात आणि उकाड्यात तपकिरी पडतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, त्यामुळे कागद काळ्या पिशवीत, चपलांच्या खोक्यात येते तसली सिलिका जेलची पुडी घालून, थंड जागी ठेवा आणि पिशवीवर बनवल्याची तारीख लिहा. जुना कागद वापरायच्या आधी ४५ मिलिग्रॅमच्या पाण्यावर पुन्हा तपासून घ्या.